सदाफुलीची पाने आणि आपली शुगर



वस्तीत शुगर तपासायला बसले की एक प्रश्न हमखास येतो. "सिस्टर, सदाफुलीची दोन पानं सकायी चावली का शुगर उतरते म्हन्तात. मंग गोयी बंद केली तं चालते का?" अमरावतीत विचारतात, अकोल्यात विचारतात. विचारणारी बाई बहुतेक वेळा गोळी आधीच बंद करून आलेली असते. म्हणून या वेळी सदाफुलीविषयीच लिहिते.

झाड सगळ्यांच्या ओळखीचे. नालीच्या काठाला, विहाराच्या कुंपणाला, फुटक्या बादलीत, कुठेही येते. मे महिन्यात अकोल्याचे ऊन ४५ अंशांवर जाते, बाकीची रोपे माना टाकतात, ही मात्र गुलाबी-पांढरी फुलत राहते. पान इतके कडू की बकरीसुद्धा तोंड लावत नाही. एवढे आपले वाटणारे हे झुडूप मूळचे इथले नाहीच. ते मादागास्कर बेटावरचे, समुद्रकाठच्या रेताड जमिनीतले. शोभेचे रोप म्हणून ते जगभर गेले आणि जागोजागी लोकांनी त्याला औषध ठरवले. वेस्ट इंडीजमधल्या जमैका बेटावर मधुमेहासाठी त्याच्या पानांचा काढा पीत. म्हणजे आपल्या शेजारणीने सांगितलेला उपाय सात समुद्रांपलीकडेही चालत होता.

पुढचे ऐकण्यासारखे आहे. १९५२ साली जमैकाहून या झाडाची पाने कॅनडातल्या डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे टपालाने आली. त्यांनी ती आपले भाऊ डॉ. रॉबर्ट नोबल यांच्याकडे पाठवली. वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात पानांचा अर्क उंदरांना देऊन पाहिला. पाजल्यावर साखर फारशी हलली नाही. अर्क टोचल्यावर मात्र उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले. रक्त तपासले तर पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी झालेल्या. रोगाशी लढणाऱ्या पेशीच राहिल्या नाहीत, मग उंदीर वाचतील कसे?

पण शास्त्रज्ञांनी उलटा विचार केला. रक्ताच्या कॅन्सरमध्ये पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. मग हेच विष तिथे औषध होईल का? चार्ल्स बिअर यांनी पानातून नेमका पदार्थ वेगळा काढला, १९५८ मध्ये तो जगासमोर आला. ते व्हिनब्लास्टिन. पाठोपाठ याच झाडातून व्हिनक्रिस्टिन मिळाले आणि १९६३ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. आजही लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवरच्या उपचारात इतर औषधांबरोबर व्हिनक्रिस्टिनचे इंजेक्शन असतेच.

ते देताना नर्सला डोळ्यांत तेल घालावे लागते. डोस बाळाच्या अंगमानाने मोजलेला असतो. औषध शिरेतच गेले पाहिजे, शिरेबाहेर थोडे सांडले तरी मांस जळते. चुकून पाठीच्या कण्यात गेले तर जीव जातो. शिवाय ते नसांवर परिणाम करते, हातापायाला मुंग्या येतात. आता पानात हे किती असते? एक ग्रॅम व्हिनब्लास्टिन काढायला सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागतात, असे सांगतात. म्हणून घरी पाने उकळून कॅन्सर बरा होत नाही, आणि दोन पाने चावून कोणी लगेच मरतही नाही. दोन्ही बाजूंनी उगीच घाबरवणारे आणि भुलवणारे संदेश मोबाईलवर फिरतात, ते पुढे पाठवू नका.

खरा धोका गोळी सुटण्यात आहे. उंदरा-सशांवरच्या काही प्रयोगांत सदाफुलीने साखर उतरलेली दिसली, हे मी नाकारत नाही. पण माणसाला किती पाने, किती दिवस, याचे ठरलेले माप नाही. आज पान कोवळे, उद्या जून. शुगर मात्र रोजच असते. ती वाढली तरी कळत नाही, दुखत नाही. डोळा, किडनी आणि पायाच्या नसा आतून खराब होत राहतात. कापूस वेचायला, सोयाबीन सोंगायला अनवाणी जाणाऱ्या आपल्या बाईला काटा रुतलेला समजतच नाही, आणि समजतो तेव्हा बोट काळे पडलेले असते. उलट काहीजण ग्लिमेपिराइडची गोळीही घेतात आणि वर काढाही पितात. उपाशी पोटी कामावर गेल्यावर घाम सुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर शुगर उतरली असे समजून लगेच साखरपाणी द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, दवाखान्यात न्यावे.

"गोयीनं किडनी जाते" हे दुसरे ऐकीव. मेटफॉर्मिनने चांगली किडनी खराब होत नाही, वाढलेल्या शुगरने होते. किडनी आधीच खराब असेल तर डॉक्टर मेटफॉर्मिनचा डोस कमी करतात किंवा ती बंद करतात, त्यावरून हा समज पसरला असावा. आणि झाडपाल्यावरच भरवसा असेल तर ऐका: मेटफॉर्मिनचे मूळही एका झाडातच आहे. युरोपातल्या गॅलेगा नावाच्या झाडातला साखर उतरवणारा पदार्थ विषारी निघाला, म्हणून त्याच जातीचे सुरक्षित औषध प्रयोगशाळेत बनवले. १९५७ मध्ये फ्रान्सच्या डॉ. जाँ स्टर्न यांनी ते मधुमेहासाठी वापरून दाखवले. फरक इतकाच की त्याचे माप ठरलेले आहे. ही गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता. पायांच्या नसांच्या दुखण्याने त्यांची झोप उडे, ते इन्सुलिन घेत. आपल्या घरात इन्सुलिनची सुई म्हणजे शेवटची घटका असे मानतात, त्यांनी हे लक्षात घ्यावे.

एक गोष्ट आपल्या घरांसाठी खास. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल बराच आहे. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी सिकलसेलच्या रुग्णात फसवी येऊ शकते, कारण त्याच्या तांबड्या पेशी लवकर मरतात आणि आकडा खोटाच कमी दिसतो. तुम्ही रुग्ण असा की वाहक, तपासणीआधी डॉक्टरांना आवर्जून सांगा. तुमची उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर पाहावी लागेल. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त दोन वेळा आली तर मधुमेह धरतात.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाने आशाताईला सांगून तपासणी करून घ्या. अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय आहे, अमरावतीत इर्विन. ज्यांनी पानांसाठी गोळी सोडली आहे त्यांनी या आठवड्यातच शुगर पाहावी आणि डॉक्टरांना पानांचेही सांगावे. लपवू नका, रागावले तर रागावले. गरोदर बाईने आणि अंगावर पाजणाऱ्या आईने ही पाने अजिबात खाऊ नयेत. लहान लेकरे खेळताना तोंडात घालतात, तिकडेही लक्ष असू द्या. झाड मात्र उपटू नका, दारात राहू द्या. फुले छान दिसतात.