‘हजर’ या शब्दाचा अर्थ : न्यायाधिकरणापुढील समक्ष व दूरस्थ सुनावणी

‘सुनावणी’ हा शब्द कानाशी, ‘समक्ष’ हा डोळ्यांशी आणि फारसीतून आलेला ‘रूबरू’ हा चेहऱ्याशी निगडित आहे. अरबी मूळाचा ‘हजर’ केवळ उपस्थिती सांगतो. कचेरीच्या व्यवहारात हा भेद फारसा पाळला जात नसे, कारण ऐकणे, पाहणे आणि हजर असणे या तिन्ही क्रिया एकाच खोलीत घडत. दृक्‌श्राव्य यंत्रणेने त्या एकमेकींपासून विलग केल्या. त्यामुळे कोणत्या सुनावणीस यांपैकी काय आवश्यक आहे, याचा विचार प्राप्त झाला आहे.

सुधागड तालुक्याचे ठिकाण असलेल्या पालीचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. कुळकायदा या नावाने परिचित असलेल्या १९४८ च्या अधिनियमानुसार तालुक्याचा तहसीलदार शेतजमीन न्यायाधिकरण म्हणून काम पाहतो. १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’. त्या दिवशी जमीन विकत घेतली असे ज्या कुळाविषयी कायदा मानतो, त्याला कलम ३२-ग अन्वये न्यायाधिकरणापुढे बोलावून, तो खरेदीस राजी आहे किंवा नाही याविषयी त्याचा जबाब नोंदवावा लागतो. कूळ गैरहजर राहिले, अथवा राजी नसल्याचे त्याने सांगितले, तर खरेदी निष्प्रभ ठरते. गैरहजेरीत झालेल्या आदेशाच्या फेरविचारासाठी आदेश कळल्यापासून ६० दिवसांची मुदत असते.

येथे सारा भार एका उत्तरावर आहे. ‘आता पैसे नाहीत’ हे वाक्य असमर्थता सांगते, अनिच्छा नव्हे. कायद्याने किमतीची फेड जास्तीत जास्त १२ वार्षिक हप्त्यांत करण्याची सोय ठेवली आहे. म्हणून अशा उत्तरानंतर हप्त्यांविषयी दुसरा प्रश्न विचारणे अवश्य ठरते. बोलणारा कातकरी अथवा ठाकूर असेल आणि लिहिणाऱ्याची भाषा कचेरीतील मराठी असेल, तर उत्तरापूर्वीचा विराम, अर्धवट राहिलेले वाक्य, प्रश्न न समजल्याचा चेहरा या गोष्टी अर्थनिर्णयास शब्दांइतक्याच उपयोगी पडतात. पडद्यावर आवाज उशिरा पोचतो. तेथे अशा विरामाचे कारण मनुष्य की यंत्र, हे सांगणे कठीण.

सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये, महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या खटल्यात, दृक्‌श्राव्य माध्यमातून घेतलेली साक्षही आरोपीच्या उपस्थितीत घेतलेली साक्ष होय, असा निर्णय दिला. तेथील साक्षीदार अमेरिकेतील एक डॉक्टर होते. या निर्णयाने दूरस्थ साक्ष ग्राह्य ठरली. ती प्रत्येक साक्षीदारास सारखीच सोयीची आहे, असे मात्र त्यावरून निष्पन्न होत नाही.

महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरणापुढील पुनरीक्षणाची गोष्ट निराळी. तेथे मुख्यतः आदेश कायद्यास धरून आहे काय आणि कार्यपद्धतीत गंभीर दोष राहिला काय, एवढेच पाहिले जाते. असा युक्तिवाद कागदपत्रांच्या आधारे चालतो. तो दूरस्थ झाल्यास पालीच्या पक्षकाराचा प्रवास, वकिलाचा खर्च आणि बुडणारी मजुरी वाचते. परंतु वरचे न्यायाधिकरण जो कागद वाचते, तो खालच्या सुनावणीत तयार झालेला असतो. तेथे असमर्थतेची नोंद ‘अनिच्छा’ अशी झाली, तर पुढे कोणत्याही माध्यमाने ती दुरुस्त करणे दुष्कर होते.

तथापि समक्षतेचा आग्रहही अन्याय्य ठरू शकतो. अनेक कातकरी कुटुंबे पावसाळा संपल्यावर वीटभट्ट्यांवर किंवा कोळसा पाडण्याच्या कामावर दूर जातात आणि पुढच्या पावसाच्या सुमारास परततात. मधल्या काळात तारीख लागली, तर त्यांच्या गैरहजेरीचा अर्थ कायदा नकार असाच लावतो. अशा कुळास मुक्कामाजवळच्या तहसील कचेरीतून, एखाद्या कर्मचाऱ्याच्या साहाय्याने बोलता आले, तर तो लाभच होय.

यावरून असे दिसते की, जबाब घेणारी पहिली सुनावणी सामान्यतः समक्ष असावी आणि कायद्याच्या मुद्द्यावरील पुढची दूरस्थ होण्यास प्रत्यवाय नसावा. पहिल्या सुनावणीत अपवाद करावयाचा तो कचेरीच्या सोयीने नव्हे, तर पक्षकाराच्या मागणीवरून. आणि दोन्ही प्रकारांत लिहिलेला जबाब बोलणाऱ्यास त्याच्या बोलीत समजावून सांगितल्यावाचून त्यावर त्याची सही वा अंगठा घेऊ नये.