हेलियमचा शोध खरंच विजयदुर्गावर लागला का?

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' दाखवले जातात. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने इथूनच हेलियम शोधला, असं सांगितलं जातं. यात खरं किती?

१८६८ साली काय घडलं?

त्या ग्रहणाची सावली भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे गेली. प्रकाशाचे रंग वेगळे करणारा वर्णपटदर्शक तेव्हा नवा होता. तापलेल्या वायूतलं प्रत्येक मूलद्रव्य वर्णपटात ठरावीक जागी रेषा उमटवतं. म्हणजे रेषा पाहून द्रव्य ओळखता येतं.

फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूरहून सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांमध्ये तेजस्वी रेषा पाहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना त्या ग्रहणाशिवायही दिसल्या. त्यांतली एक पिवळी रेषा बहुतेकांना सोडियमची वाटली.

लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्येच होते. २० ऑक्टोबरला त्यांनीही तिथून, ग्रहणाशिवाय, या रेषा पाहिल्या. सोडियमच्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला येतात. ही पिवळी रेषा मात्र ५८७.६ला होती. ती कुठल्याच ज्ञात द्रव्याशी जुळेना. म्हणून नव्या द्रव्याला 'हेलिऑस' म्हणजे सूर्य या ग्रीक शब्दावरून नाव मिळालं. रसायनशास्त्रज्ञांना पुरावा मिळाला तो १८९५ साली. रॅमसे यांना युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा सापडली.

मग विजयदुर्गाचं काय?

लॉकियर विजयदुर्गाला आले होते, पण तब्बल तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणासाठी. 'मेल्पोमिनी' या युद्धनौकेवरचे नौसैनिक त्यांच्या मदतीला होते. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले होते. १८६८ साली निरीक्षकांना वर्णपट डोळ्यांनी पाहून टिपावा लागला होता. १८९८मध्ये त्याची छायाचित्रं घेतली गेली. ती नंतर पुन्हा पुन्हा तपासता येत.

म्हणजे विजयदुर्गाचा सूर्याच्या अभ्यासाशी संबंध खरा आहे, फक्त साल आणि शोध यांची गल्लत झाली आहे.

आज ग्रहणाची वाट पाहावी लागत नाही. पुण्याच्या आयुकात आखलेली 'सूट' ही दुर्बीण आदित्य-एल१ यानावरून, पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरून, सूर्याच्या अतिनील प्रकाशातल्या प्रतिमा घेते. त्यातला बराचसा प्रकाश वातावरणात शोषला जातो, त्यामुळे तो जमिनीवरून टिपताच येत नाही.