वरच्या मजल्यावरच्या कॉम्प्युटरला पत्ता कोण देतो?

दुकान वाढतं, वर दुसरा काउंटर येतो. केबल जोडली, लाइट लागली, तरी बिलिंगचा कॉम्प्युटर काही नेटवर येत नाही. लगेच कोणीतरी सांगतं, ‘कार्ड गेलंय, नवीन टाका.’ पैसे काढण्याआधी त्याचा आयपी अ‍ॅड्रेस बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर कार्ड बहुतेक ठीकच आहे. पत्ता मिळाला नाही म्हणून कॉम्प्युटरने स्वतःच एक लावून घेतलाय.

पत्ते वाटतो डीएचसीपी सर्व्हर. लहान दुकानात हे काम वायफायचा राउटरच करतो. नव्या मशीनला सर्व्हर कुठे आहे हेही माहीत नसतं, म्हणून ते सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारतं. सर्व्हर पत्ता पुढे करतो, मशीन ‘हाच द्या’ म्हणतं, सर्व्हर ‘दिला’ म्हणतो. चार निरोपांत काम होतं. पत्ता भाड्याचा असतो बरं का, मुदत संपायच्या आत मशीन ती वाढवून घेतं.

गोम पुढे आहे. राउटर ही हाक पलीकडच्या नेटवर्कात जाऊ देत नाही. बरोबरच आहे, नाहीतर सगळीकडे नुसता गोंगाट. पण तुम्ही बिलिंग, गोडाऊन आणि ग्राहकांचं वायफाय वेगळं केलंत (करायलाच हवं), तर प्रत्येक ठिकाणी सर्व्हर बसवायचा का?

अजिबात नाही. मधल्या राउटरलाच निरोप्या करायचं. याला डीएचसीपी रिले म्हणतात. राउटर हाक ऐकतो, तिच्यावर त्या बाजूचा आपला पत्ता लिहितो आणि थेट सर्व्हरकडे पाठवतो. त्यावरून सर्व्हरला कळतं, हे गोडाऊनमधलं मशीन आहे, तिकडच्या साठ्यातला पत्ता द्यायचा. सिस्कोच्या राउटरवर ही एका ओळीची सेटिंग आहे: ‘आयपी हेल्पर-अ‍ॅड्रेस’ आणि पुढे सर्व्हरचा पत्ता.

म्हणून नेटवर्कवाल्याला सरळ विचारा: रिले लावलाय का, आणि सर्व्हरवर या भागासाठी पत्त्यांचा साठा केलाय का? दोन्हींपैकी एक राहिलं तरी मशीन हाका मारत बसतं.

घाईत बाजारातून अजून एक वायफाय राउटर आणून जोडू नका. तोही पत्ते वाटायला लागतो, मग कॉम्प्युटर एका नेटवर्कात आणि प्रिंटर दुसऱ्यात. आणि बिलाच्या प्रिंटरसाठी सर्व्हरवर पत्ता राखून ठेवायला सांगा. तो बदलला की काउंटरवर रांग लागते आणि बिल काही निघत नाही.