अंगठा आणि किल्ली

२०२३ च्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सानंतर भालकी तालुक्यातील एका खेड्याच्या वृद्ध विधवा आजी पदराआड पासबुक धरून आमच्या भेटीस आल्या. त्यांच्या खात्यातून दहा हजार रुपये निघून गेले होते. "फादर, मला कुणाचा फोन आला नाही, मी कुणाला आकडा सांगितला नाही. मग पैसे गेले कसे?" आकडा सांगू नका, असे वेदीवरून वारंवार बजावणाऱ्या आम्हांला त्या क्षणी उत्तर सुचले नाही. पुढे चौकशीअंती समजले, की आधार क्रमांक आणि अंगठ्याचा ठसा यांवर ती रक्कम काढली गेली होती. या रीतीत आकडा लागतच नाही.

वाचकहो, अंगठ्याची ही गोष्ट आपल्या जिल्ह्यांना नवी नव्हे. पूर्वी पहाणी, जिला लातूर-सोलापूरकडील आपले सोयरे सातबारा म्हणतात, तलाठ्याच्या दप्तरात असे. दप्तर त्याचे, लेखणी त्याची. खाडाखोड केव्हा झाली हे देव जाणे आणि तलाठी जाणे. इ. स. २००० च्या सुमारास कर्नाटक सरकारने 'भूमी' नावाची योजना आखून सुमारे ६७ लक्ष खातेदारांच्या दोन कोटी पहाण्या संगणकावर चढविल्या आणि हस्तलिखित पहाणीची मान्यता काढून घेतली. पंधरा रुपये भरले की तालुक्याच्या खिडकीवर छापील नक्कल मिळू लागली.

परंतु आमच्या मते या योजनेचे खरे मर्म नकलेत नव्हते. संगणकासमोर बसणाऱ्या कर्मचाऱ्याला आधी आपले बोट यंत्रावर ठेवावे लागे. बोट पटले तरच दार उघडे, आणि कोणी कोणती नोंद केली याची खूण यंत्रातच राही. 'तो मी नव्हेच' म्हणण्याची सोय त्यामुळे उरली नाही. अर्ज ज्या क्रमाने आला त्याच क्रमाने निकालात काढावयाचा, हा दंडकही कार्यक्रमातच विणलेला होता. प्रत्येकाला वेगळी किल्ली आणि प्रत्येक कृतीची नोंद, हे संगणक सांभाळण्याचे पहिले सूत्र आपल्या तहसील कचेऱ्यांत असे येऊन पोहोचले. (आमच्या धर्मग्रामाच्या कार्यालयात मात्र परवापरवापर्यंत चौघांना मिळून एकच परवलीचा शब्द होता, आणि तोही पडद्याखाली चिठ्ठीवर चिकटविलेला! हिशेबातील एक रक्कम कोणी पुसली, हे आजतागायत समजलेले नाही.)

मग जो अंगठा तेथे रक्षक ठरला, तोच येथे घातक कसा ठरला? याचे कारण असे, की परवलीचा शब्द उघडकीस आला तर बदलता येतो. अंगठा बदलता येत नाही. शिवाय आपण तो जागोजाग उमटवीत असतो. जमिनीच्या खरेदीखतांवरील ठसे उचलून, त्यांच्या रबरासारख्या प्रतिकृती बनवून लोकांची खाती रिकामी केल्याचे प्रकार २०२३ सालीच कर्नाटकात उघडकीस आले, आणि पुढे नोंदणी खात्याला दस्तांच्या प्रतींवरील ठसे झाकण्याची व्यवस्था करावी लागली. आमच्या आजींचा ठसा कोठून गेला, हे मात्र कळले नाही.

यावर तोड आहे. आधारच्या संकेतस्थळावरून अथवा मोबाईलमधील ॲपवरून आपल्या ठशांना कुलूप घालता येते. कुलूप असेतोवर त्या ठशावर कोणीही पैसे काढू शकत नाही, आपणांसही नाही. रेशनच्या दिवशी ते तेवढ्यापुरते उघडावे लागते, ही अडचण खरी; पण घराचे कुलूपही आपण येता-जाता उघडतोच की! यासाठी आधारला जोडलेला मोबाईल क्रमांक चालू असला पाहिजे. मुलगा पुण्याला किंवा हैदराबादला कामास गेला आणि सिमकार्ड त्याच्याबरोबर गेले, अशी घरे आम्हांला ठाऊक आहेत. त्यांनी हे आधी निस्तरावे.

पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर त्याच घटकेस तक्रार नोंदवावी आणि बँकेला लेखी कळवून पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घातलेल्या नियमात, दोष ग्राहकाचाही नसेल व बँकेचाही नसेल तेव्हा, तीन कामकाजी दिवसांत कळविणाऱ्यावर नुकसानीचा भार पडत नसे. उशीर झाला की भार वाढे. आजींनी पासबुक भरून घेतले ते पाच आठवड्यांनी. त्यांचे पैसे परत आले नाहीत. कापणीच्या मजुरीसाठी ठेवलेली ती रक्कम त्यांना उसनवारीने उभी करावी लागली.

ज्यांना कुलूप घालणे जमत नसेल, त्यांनी रविवारी मिस्सानंतर आधार कार्ड व मोबाईल घेऊन कार्यालयात यावे. तरुण मंडळातील मुले मदतीस असतील. मोबाईल मात्र स्वतःच्याच हाती ठेवावा, आणि त्यावर येणारा आकडा आपणच दाबावा. तो मुलांना सांगू नये, आणि आम्हांलाही सांगू नये.