गालिचा लोकरीचा की कृत्रिम धाग्याचा?

चतुर्थी-दिवाळीच्या खरेदीत गालिचा निवडताना बहुतेकांची नजर रंग, नक्षी आणि किंमत यांवरच स्थिरावते. तो किती वर्षे टिकेल, हे मात्र धाग्यावरून ठरते. गोव्यासारख्या दमट प्रदेशात ही निवड चुकली, तर महागडा गालिचाही एकदोन पावसाळ्यांतच खराब होऊ शकतो.

लोकर हा केसांप्रमाणेच केराटिन या प्रथिनाचा तंतू आहे. तो मुळातच कुरळा असल्याने पायांखाली दबला, तरी पुन्हा उभारी धरतो. त्याचे बाह्य आवरण पाणी चटकन आत शिरू देत नाही. म्हणून सांडलेला चहा लगेच टिपून घेतल्यास डाग राहण्याची शक्यता कमी असते. हवेतील बाष्प मात्र लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत शोषून घेते. त्यामुळे पावसाळ्यात तिला कुबट वास येतो, बुरशी धरते. शिवाय केराटिनवर जगणारी कसर तिला लागते.

कृत्रिम धाग्यांना ही कीड सहसा लागत नाही. त्यांतील पॉलिप्रॉपिलीन सर्वांत स्वस्त. ते पाणी जवळजवळ शोषत नाही आणि लवकर वाळते. परंतु सततच्या वर्दळीने ते चपटे होते व तेलकट डाग धरून ठेवते. पॉलिएस्टर मऊ आणि चमकदार असले, तरी लवकर दबते. वर्दळ सोसण्यात नायलॉन या तिघांत सरस ठरते.

आगीच्या बाबतीत लोकर अधिक सुरक्षित. ती सहजी पेट घेत नाही. उलट पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६५ अंश सेल्सिअसलाच वितळते. उदबत्तीचा निखारा पडला, तरी त्याला भोक पडते.

लोकरीची खात्री करायची असल्यास गालिच्याचा एखादा सुटा धागा चिमट्यात धरून, मोकळ्या जागी जाळून पाहावा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि तिची राख बोटांनी चुरता येते. कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गुठळी होते.

थोडक्यात, कोरड्या, हवेशीर दिवाणखान्यात लोकर शोभते आणि टिकते. व्हरांडा, जेवणघर किंवा ओल येणाऱ्या खोलीसाठी कृत्रिम धागाच व्यवहार्य ठरतो. लोकरीचा गालिचा पावसाळ्यापूर्वी दोन्ही बाजूंनी झाडून उन्हात चांगला वाळवावा, घडी न घालता गुंडाळून सुती कापडात ठेवावा आणि क्लोरीनयुक्त ब्लीचपासून कटाक्षाने दूर ठेवावा. ते लोकरीचा तंतूच विरघळवते.