कळस आधी, मधला खांब नंतर

टोकियोचा स्कायट्री हा ६३४ मीटर उंचीचा प्रसारण मनोरा २०१२ साली खुला झाला. उंचीचं कौतुक बरंच झालं. त्याहून विलक्षण आहे ती तो उभारण्याची रीत. अँटेना वाहणारा टोकाचा पोलादी सांगाडा, म्हणजे कळस, ओबायाशी या बांधकाम कंपनीने वर हवेत जोडलाच नाही. मनोऱ्याच्या मधोमध मोठी पोकळी ठेवली होती. तिच्या तळाशी, जमिनीवर, कळसाचे भाग एकाखाली एक जोडत गेले आणि पोलादी तारांनी तो वर ओढत नेला. वाऱ्याची भीती कमी, कामगारांच्या जिवाचा धोकाही कमी. कळसाने जागा मोकळी केल्यावर त्याच पोकळीत काँक्रीटचा एक खांब, साचा वर सरकवत, चढवला.

खरी करामत या खांबात आहे. व्यास सुमारे ८ मीटर, माथा ३७५ मीटरवर, आत संकटकाळी उतरायचा जिना. १२५ मीटरपर्यंत तो भोवतीच्या पोलादी सांगाड्याला जखडलेला आहे. त्यावर तो सुटा आहे आणि दोघांच्या मध्ये तेलाचे डॅम्पर आहेत. भूकंपात सांगाडा एका लयीत डोलतो, जड खांब वेगळ्या लयीत. पुढे निघालेला झोपाळा कुणी मागे ओढावा, तसा खांब मनोऱ्याचा हेलकावा मोडतो. बरीचशी ऊर्जा डॅम्परमधल्या तेलात उष्णता होऊन जिरते. ११ मार्च २०११ च्या महाभूकंपाच्या वेळी कळस चढवण्याचं काम संपत आलं होतं. लगेच पुढच्या आठवड्यात, १८ मार्चला, मनोऱ्याने पूर्ण उंची गाठली.

या खांबाला पॅगोड्यातल्या मधल्या खांबाचंच नाव दिलंय, शिंबाशिरा. होर्युजी या देवळाचा लाकडी पॅगोडा तेराशे वर्षं भूकंपाच्या देशात उभा आहे. त्याचे मजले एकमेकांवर काहीसे सैल बसवलेले आहेत आणि मधला खांब त्यांचा भार घेत नाही. हादऱ्यात तो नेमकं काय काम करतो, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. पण ताठ राहण्यापेक्षा डोलू द्यावं, ही दिशा त्यातून मिळाली.

ती दिशा स्कायट्रीच्या कितीतरी आधी गणितात बसवली प्राध्यापक कियोशी मुतो यांनी. १९२३ च्या कांतो भूकंपात टोकियो उद्ध्वस्त झालं, तरी तिथल्या उएनो भागातला पाच मजली पॅगोडा टिकला होता, हे त्यांच्यासमोर होतं. पण जपानमध्ये तेव्हा इमारतींना ३१ मीटर उंचीची मर्यादा होती आणि ती साठच्या दशकात उठली. विद्यापीठातून निवृत्त झालेले मुतो काजिमा या बांधकाम कंपनीत आले. हादऱ्यात इमारत कशी वाकेल याचा हिशेब संगणकावर मांडला गेला आणि १९६८ साली १४७ मीटरची कासुमिगासेकी इमारत उभी राहिली. तिच्यातल्या काँक्रीटच्या भिंतींना मुद्दाम उभ्या चिरा ठेवल्या आहेत. भिंत न फुटता वाकावी, म्हणून.

एवढा मोठा प्राध्यापक बांधकाम कंपनीत जातो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. काजिमाने १९४९ मध्येच स्वतःची संशोधन संस्था काढली होती. काजिमा, शिमिझु, ताइसेई, ओबायाशी, ताकेनाका या पाचही बड्या कंपन्यांकडे आज स्वतःच्या प्रयोगशाळा आहेत. संकल्पचित्र, संशोधन आणि प्रत्यक्ष काम एका छपराखाली असल्यामुळे साइटवरची अडचण थेट प्रयोगशाळेत पोचते. यांतल्या काहींचं मूळच सुतारकामात आहे. ताकेनाकाची सुरुवात १६१० मध्ये नागोयात देवळं बांधण्यापासून झाली. शिमिझु १८०४ आणि काजिमा १८४० मध्ये, एदोतल्या, म्हणजे आजच्या टोकियोतल्या, सुतारांनी सुरू केल्या.

या मोठेपणाला डागही आहे. चुओ शिनकान्सेन या मॅग्लेव्ह रेल्वेच्या कामांत संगनमताने निविदा भरल्याबद्दल २०१८ मध्ये ओबायाशी आणि शिमिझु यांना न्यायालयाने दंड केला. असा खेळ कुठल्याही कौशल्याने झाकला जात नाही.

आता या कंपन्यांपुढचा कठीण प्रश्न माणसांचा आहे. कुशल कामगार म्हातारे होत चाललेत आणि तरुण या धंद्यात फारसे येत नाहीत. अकिता प्रांतातल्या नारुसे धरणावर काजिमाने चालकाविना चालणारे डंपर, बुलडोझर आणि रोलर उतरवलेत. माल कसा पसरवायचा, कुठून वळायचं, हे अनुभवी चालकांच्या कामाच्या नोंदी घेऊन या यंत्रांना शिकवलंय. नियंत्रण कक्षात बसलेली मोजकी माणसं एका वेळी अनेक यंत्रांवर लक्ष ठेवतात.