मधल्या खोलीतला उजेड

घराला रंग काढायचा विषय निघाला की सगळ्यांचे लक्ष आधी दर्शनी खोलीकडे जाते. पाहुणे तिथे बसतात, फोटो तिथे निघतात. स्वयंपाकघराचे टाइल्सवर भागते. मुलांच्या खोलीचा रंग हल्ली मुलेच ठरवतात आणि दोन वर्षांनी त्यांनाच तो नकोसा होतो. उरते ती मधली खोली. पुण्या-मुंबईच्या सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या इमारतींत ही खोली हमखास सापडते. एका अंगाला दिवाणखाना, दुसऱ्या अंगाला स्वयंपाकघर, तिसरीकडे न्हाणीघराची भिंत आणि बाहेरच्या उजेडाला वाट म्हणून डक्टवर उघडणारी एक काचेच्या झडपांची खिडकी. जेवणाचे टेबल नेमके इथेच असते. ज्या खोलीत सगळे घर दिवसातून एकदा तरी एकत्र येते, तीच घरातली सर्वांत अंधारी!

आमची मधली खोली गडद हिरवी होती. जमिनीपासून छतापर्यंत चकचकीत ऑइलपेंट. त्या काळी तो निर्णय शहाणपणाचाच होता. हळदीचे बोट, फोडणीची वाफ, मुलांचे हात, खुर्च्यांच्या पाठी यांतले काहीही भिंतीला लागले तरी ओल्या फडक्याने पुसले की झाले. चुना अंगाला लागायचा, साधा डिस्टेंपर पुसायला गेले की रंगच फडक्यात यायचा. त्यापुढे ऑइलपेंट म्हणजे संसारी माणसाला वरदानच. भरदुपारी ट्यूब लावावी लागे, पण त्याचे कुणाला काही वाटत नसे.

वाटायला लागले ते सासूबाईंमुळे. त्या ८१ वर्षांच्या. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा अजून 'पिकायचा' आहे असे त्या म्हणतात. गेल्या वर्षी कधीतरी त्यांनी टेबलावर जेवायला यायचे बंद केले. सकाळी साडेअकरालाच ताट वाढून घ्यायच्या आणि स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी, खिडकीजवळच्या स्टुलावर बसून एकट्याच जेवायच्या. कारण विचारले तर "मला भूक लवकर लागते गं." आम्ही तो वयाचा स्वभाव समजून सोडून दिला. एके दिवशी शेजारच्या काकूंशी चाललेले बोलणे माझ्या कानावर पडले. "आमटीतली मिरची कुठली नि शेंग कुठली, कळत नाही हो त्या खोलीत. चार माणसांत ताट चाचपत बसायचं म्हणजे..." वाक्य त्यांनी पुरे केले नाही. त्याच आठवड्यात मी रंगाऱ्याला निरोप धाडला.

यात डोळ्यांचा दोष किती आणि भिंतींचा किती, याचा हिशेब करता येतो. रंगाच्या कंपन्या प्रत्येक शेडसाठी एक आकडा काढतात. अंगावर पडलेल्या उजेडापैकी शेकडा किती उजेड तो रंग परत फेकतो, हे त्यावरून समजते. स्वच्छ पांढरा ८०च्या वर असतो, गडद हिरवा दहाच्या आसपास. म्हणजे ट्यूबने दिलेला उजेड आमच्या भिंती अक्षरशः गिळत होत्या. त्यात वयाची भर. वयानुसार बाहुली लहान होत जाते, डोळ्यातले भिंग पिवळसर होते. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या मानाने साधारण तिसरा हिस्साच उजेड पोचतो. एकाच टेबलावर बसलेली नात आणि आजी एकाच खोलीत जेवत नसतात म्हणायचे! जेवणघराचा रंग निवडायचा तो पंक्तीतल्या सर्वांत म्हाताऱ्या डोळ्यांसाठी, हे माझे मत तेव्हा पक्के झाले.

शेडकार्ड घेऊन बसलो तेव्हा एक गंमत झाली. पांढऱ्याच्या नावाखाली त्यात तीसएक तुकडे होते. सासूबाईंनी एक तुकडा हातात घेतला, डावा डोळा झाकून पाहिला, मग उजवा. म्हणाल्या, "या डोळ्याने चुन्यासारखा दिसतोय, त्या डोळ्याने सायीसारखा." शास्त्र त्यांच्या बाजूने होते. मोतीबिंदूचे भिंग पिवळे-तपकिरी असते, ते निळा उजेड अडवते. ते काढले की पांढरा एकदम निळसर, लख्ख दिसू लागतो. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया १९२३ मध्ये झाली, त्यानंतर त्यालाही रंगांच्या या फरकाने हैराण केले होते. आमच्याकडे हैराण व्हायची पाळी रंगाऱ्यावर आली. दोन्ही डोळ्यांना चालेल असा पांढरा शोधायचा होता! शेवटी तांदळाच्या पिठासारखा, किंचित उबदार पांढरा ठरला. ठरवण्याआधी त्याचा दोन फूट बाय दोन फुटांचा ठिगळ भिंतीवर लावून सकाळी, संध्याकाळी आणि रात्री दिवा लावून पाहिला. हे प्रत्येकाने करावे. दुकानातल्या उजेडात निवडलेला रंग घरी आला की बदलतो.

सगळ्या भिंती पांढऱ्या करून टाका, असे मात्र मी सुचवणार नाही. मंद नजरेला उजेडाइतकीच गरज कडांची असते. भिंत कुठे संपते, दाराची चौकट कुठे सुरू होते, खुर्ची भिंतीपासून किती लांब आहे, हे सगळे दोन रंगांमधल्या फरकावरून कळते. पांढऱ्यात पांढरे मिसळले की अंधाराइतकेच गोंधळायला होते. शिवाय सासूबाईंची हरकत व्यवहाराची होती. "पांढऱ्या भिंतीला हात लागले की पुसत कोण बसणार? आणि हिरवा पार घालवू नका, यांनी हौसेने काढून घेतला होता." ('हे' म्हणजे माझे दिवंगत सासरे.)

यातून वाट निघाली ती भिंतीवरच्या पट्टीने. खरे तर ही युक्ती आपल्याला नवी नाही. गावाकडच्या घरांत भिंतीचा खालचा पट्टा काव किंवा गेरूने लाल करायचा आणि वर पांढरे पोतारायचे, कारण चिखलाचे पाय नि पावसाचे शिंतोडे खालीच लागतात. शाळा, दवाखाने, एस.टी. स्टँड आठवा. कमरेएवढा ऑइलपेंट, वर चुना आणि मधोमध रंगाऱ्याने सुताने मारलेली रेघ. विलायतेत अठराव्या शतकातल्या घरांमध्ये जेवण आटोपले की खुर्च्या भिंतीकडेला मांडून ठेवत. त्यांच्या पाठींनी गिलावा खरवडू नये म्हणून तेवढ्या उंचीवर लाकडी पट्टी ठोकत. नक्षी आली ती मागाहून.

म्हणून पट्टीची उंची पुस्तकात शोधू नका, खुर्ची भिंतीला टेकवून मोजा. आमच्या खुर्च्यांची पाठ साडेचौतीस इंचांवर टेकत होती. तीन इंच रुंद पट्टीचा मध्य तिथेच धरला. साडेनऊ फुटांच्या छताला हे प्रमाण बरे दिसते, साधारण खालचा तिसरा हिस्सा. पट्टी भिंतीच्या निम्म्यावर आली तर खोली दोन तुकड्यांची वाटते आणि छत डोक्यावर आल्यासारखे होते.

पट्टीखाली धुता येईल असा फिका शेवाळी रंग, वर पिठासारखा पांढरा. जुना गडद हिरवा फक्त पट्टीला आणि दाराच्या चौकटींना. चार भिंतींचा रंग तीन इंचांत आला आणि सासूबाईंच्या दोन्ही मागण्या पुऱ्या झाल्या. लांब भिंतीवर पट्टीच्या वर बारीक मोल्डिंगच्या दोन चौकटी केल्या, त्या मात्र भिंतीच्याच रंगात. दिवा लागला की नुसती सावलीची रेघ दिसते. सुतारमिस्त्रींच्या मनात पाच चौकटी होत्या, वर कोपऱ्यांना फुले. मी दोनवर थांबवले. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत मोल्डिंगच्या प्रत्येक आडव्या कडेवर तेलकट धूळ बसते आणि ती पुसायला फुले काढणारा येत नाही. याच कारणाने पट्टीची वरची कड सपाट न घेता उतरती घ्यावी. चौकटी ठोकण्याआधी कागदी चिकटपट्टीने भिंतीवर आखून दोन दिवस राहू द्याव्यात. डोळ्याला खुपले तर तेव्हाच कळते.

पट्टी कसली घ्यायची? सागवान उत्तम, पण रंगच द्यायचा तर महाग. पाइन चालते, वाळवीचे औषध मारून. एमडीएफ स्वस्त आणि सरळ असते, मात्र ओल लागली की फुगते. न्हाणीघराची भिंत शेजारी असताना मी ते टाळले. प्लॅस्टरची पट्टी छताजवळ शोभते, पण खुर्चीच्या उंचीवर पहिल्याच धक्क्याला तिचा टवका उडेल. लाकडाला मागच्या बाजूनेही प्रायमर द्यायला लावा, नाहीतर पावसाळ्यात पट्टी वाकते. खोलीचा घेर मोजा, दारे वजा करा, आणि कोपऱ्यांच्या तिरक्या कापांसाठी दहा टक्के जास्त आणा. ओळ मात्र पाण्याच्या नळीनेच काढायची. फरशीवरून मोजत गेलात तर फरशीचा उतार पट्टीत उतरतो. आमच्या भिंतीला मधे पोट होते, ते पट्टी धरल्यावर उघड झाले. तिथे पट्टीमागची फट ॲक्रिलिक सीलंटने भरली. सिलिकॉन भरू नये, त्यावर रंग धरत नाही. आणि ड्रिल लावण्याआधी स्विचबोर्डांच्या वरची नि खालची सरळ रेषा खडूने आखून ठेवा. वायरी बहुधा त्याच वाटेने गेलेल्या असतात.

हे सगळे हौसेचे काम. त्याआधीची दोन कामे हौसेची नाहीत.

पहिले ओलीचे. न्हाणीघराच्या भिंतीला लोणा लागला होता. रंगारी म्हणाला, "वहिनी, लांबी भरून दाबून टाकतो." दाबलेला लोणा पहिल्या पावसाळ्यात बाहेर येतो, नव्या पट्टीसकट. फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवला. आतल्या बाजूला दव धरले, म्हणजे पाणी भिंतीतूनच येत होते. नळाचा सांधा बदलला, पोचट गिलावा काढून नवा केला आणि भिंत सुकेपर्यंत दोन महिने हात लावला नाही. मंडळी कंटाळली. पितृपक्षात नवीन काम काढायला लोक कचरतात, तेव्हा रंगारी मोकळा सापडतो. पण त्या हवेत भिंत सुकत नाही. आम्ही थेट जानेवारीत काम धरले.

दुसरे काम अधिक गंभीर. जुना ऑइलपेंट खरवडायचा होता. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग अशी मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या, विशेषतः ऐंशीच्या दशकातल्या ऑइलपेंटमध्ये शिसे असणार असे धरूनच चालावे. भिंतीवर तो गप्प बसतो. पॉलिश पेपरने कोरडा घासला की त्याची पूड होते आणि ती रांगत्या मुलांच्या हातांतून पोटात जाते. शिशाने मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते आणि झालेली हानी भरून येत नाही. आमच्याकडे तीन वर्षांची नात आहे. म्हणून अट घातली: कोरडे घासायचे नाही, दिव्याच्या ज्योतीने जाळून काढायचे नाही. रंग जिथे घट्ट धरला होता तिथे काढलाच नाही, पाण्याच्या पॉलिश पेपरने चमक मारली आणि वर प्रायमर घेतला. पोपडे आले होते तेवढेच ओले करून खरवडले. दारांना प्लॅस्टिक लावले, रंगाऱ्यांना चांगले मास्क दिले, संध्याकाळी झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घेतले आणि ते फडके टाकून दिले. नात आणि सासूबाई चार दिवस नणंदेकडे. रंगारी आधी हसला, "आम्ही तीस वर्षं असंच घासतोय." मग त्यानेच विचारले, "माझ्या पोरांना कपड्यांवरून जातं का हो हे?" जाते. कामाचे कपडे घरी नेण्याआधी बदलावेत आणि वेगळे धुवावेत, एवढे मी त्याला सांगितले. दुसऱ्या दिवसापासून तो पिशवीत दुसरा शर्ट आणू लागला.

दिव्याचेही थोडे. आधीची ट्यूब निळसर पांढरी, ६५०० केल्व्हिनची होती. तिच्या उजेडात वरण राखाडी दिसे. आता टेबलावर तीस इंच उंचीवर टोपीचा दिवा आहे, ३००० केल्व्हिनचा, बल्ब डोळ्यांत न येणारा. भिंतींचा रंग बिनचमकीचा घेतल्यामुळे दिव्याचे चांदणे त्यांत पडत नाही. स्टीलच्या ताटाची चकाकी मात्र सासूबाईंना अजून खुपते. केळीच्या पानावर भात जसा उठून दिसतो तसा दिसावा म्हणून त्यांच्यासाठी गडद हिरवी, बिनचमकीची थाळी आणली. साडेअकराची भूक आता एक वाजेपर्यंत थांबते. परवा त्यांनी भाजीतली मिरची वेचून नातीच्या ताटाबाहेर काढली.

उरलेला रंग अर्ध्या लिटरच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवला आहे. तिन्ही शेडचे क्रमांक आणि तारीख मीटरच्या कपाटाच्या दारावर आतून लिहिली. खुर्चीने पट्टीचा पहिला टवका महिनाभरातच काढला. तो बुजवायला डबा उघडला तेव्हा बोटाएवढा ब्रश पुरला.